जुन्या गाडीच्या बॉडीसाठी घरच्या घरी रोटिसरी: मापं, वेल्डिंग आणि तोल

गोव्यात जुनी गाडी वरून मरत नाही, खालून मरते. छप्पर, बॉनेट, दारं अजून ताठ असतात आणि कार्पेट उचललं की पायाखालचा पत्रा अंगठ्याने दाबला तरी आत जातो. पावसाळ्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, वर्षभर खारी हवा असते. चाकांनी उडवलेली तांबडी माती साईडसिलच्या (दारांखालच्या लांब पेटीसारख्या पट्टीच्या) पोकळीत जाऊन बसते आणि दिवाळीपर्यंत ओलीच राहते. त्यामुळे आपल्याकडे रिस्टोरेशन म्हणजे मुख्यतः फ्लोअर, सिल, डिकीचा तळ आणि चाकांच्या कमानी.

हे काम गाडीखाली उताणं झोपून केलं तर ठिणग्या मानेवर पडतात, वितळलेला धातू खाली ओघळतो आणि सांधा नीट दिसत नाही. शेवटी पत्र्यावर पत्रा ठोकून वरून काळं अंडरकोट फासलं जातं. दोन पावसाळ्यांत सगळं परत उघडं पडतं. रोटिसरी म्हणजे बॉडीला पुढून आणि मागून धरून लांबीच्या आसाभोवती फिरवणारे दोन स्टँड. फ्लोअर उभा करून भिंतीसारखा समोर घेता येतो किंवा पूर्ण उलटा करून टेबलासारखा वर आणता येतो. मग वेल्डिंग खाली बघून होतं, आणि खाली बघून केलेल्या वेल्डिंगची प्रत वेगळीच असते.

स्टँड बनवणं हे फॅब्रिकेशनचं साधं काम आहे. कसोटी लागते ती बॉडी त्यावर चढवताना. वाकडी टांगलेली बॉडी वाकडीच वेल्ड होते आणि त्या गाडीची दारं पुन्हा कधीच बसत नाहीत. म्हणून या लेखात लोखंडाइतकीच जागा मापांना आणि तोलाला दिली आहे.

कोणत्या गाडीसाठी

प्रीमियर पद्मिनी, तिच्या आधीची फियाट ११०० डिलाइट आणि अँबॅसिडर या तिन्हींना वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार घेते. रोटिसरीचा खरा उपयोग अशा गाड्यांना. पोर्तुगीज अमदानीत आयात झालेल्या बीटल अजून काही जुन्या घरांच्या गॅरेजात आहेत. त्यांची बॉडी फ्लोअरपॅनपासून बोल्ट काढून सुटी होते, पण पॅनशिवाय ती लेचीपेची असते, ब्रेसिंग (बॉडी वाकू नये म्हणून आत तात्पुरते वेल्ड केलेले आधाराचे पाईप) दुप्पट लागतं. जीपला शिडीसारखी चासी असते. तिचा टब चार माणसं उचलून बाकावर उलटा ठेवू शकतात, त्यासाठी एवढा खटाटोप नको.

पुढची मापं मी पद्मिनी आणि अँबॅसिडर दोन्हींना चालतील अशी धरली आहेत. पद्मिनीची लांबी सुमारे ३.९ मीटर, अँबॅसिडरची ४.३ मीटर.

टांगण्याआधी: मापं, ब्रेसिंग आणि चासी नंबर

गाडी अजून स्वतःच्या चाकांवर, सपाट जागेवर उभी असताना हे काम करायचं. दारं लावलेली असू द्या. प्रत्येक दाराच्या फटी वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजा. फट मोजायला ड्रिल बिटं उत्तम: ४ चं बिट जातं, ५ चं अडकतं, म्हणजे फट कळली. आकडे वहीत लिहा आणि शेजारी मास्किंग टेप लावून बॉडीवरही लिहून ठेवा. मग दारं काढून प्रत्येक दरवाजाच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, पुढच्या आणि मागच्या काचेच्या चौकटींचेही. खाली मागच्या पाटा स्प्रिंगच्या हँगरपासून पुढच्या सस्पेन्शनच्या बोल्टपर्यंत डावं-उजवं तिरकं माप घ्या. ते दोन आकडे जुळले नाहीत तर गाडीला कधीतरी धक्का बसलेला आहे. तो आधी सरळ करून घ्या, रोटिसरीवर ते होणार नाही.

आता ब्रेसिंग. २५ × २५ × २ मिमी चौकोनी पाईप पुरतो. प्रत्येक दरवाजाच्या चौकटीत एक आडवा आणि एक तिरका, दोन्ही बाजूंच्या मधल्या खांबांना जोडणारा एक आरपार, आणि डॅशच्या खालून एक. टोकं चांगल्या, जाड पत्र्यालाच वेल्ड करा, जो भाग पुढे कापायचा आहे त्याला नाही. हे पाईप चौकटीच्या कडेपासून इंचभर आत घ्या, म्हणजे ब्रेसिंग असतानाही दार लावून बघता येतं. सिल बदलताना दार दहा वेळा लावून काढावं लागतं. तिथे हा एक इंच फार कामाला येतो.

सिल पूर्ण सडले असतील तर ते टांगण्याआधी बदला, असं माझं ठाम मत आहे. बॉडी सस्पेन्शनच्या जागांवर, जॅक स्टँडवर, लेव्हलमध्ये ठेवून एका वेळी एकच बाजू करावी. बॉडी दोन टोकांना टांगली की मध्ये झोल यायला बघते, आणि तो झोल अडवणारा मुख्य भाग सिलच आहे. सिल नसलेली बॉडी टांगली की दारांच्या वरच्या फटी आवळतात. तेव्हा सिल जमिनीवर, फ्लोअर रोटिसरीवर.

चासी नंबर कुठे ठोकलेला आहे ते शोधा, साफ करा, फोटो काढा, आणि तो भाग कोणत्याही परिस्थितीत कापू नका. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात असावी लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. सडलेल्या पत्र्याच्या जागी त्याच जाडीचा, त्याच आकाराचा पत्रा बसवा आणि आधीचे-नंतरचे फोटो जपून ठेवा.

उंची आणि जागा

फिरणाऱ्या आसापासून बॉडीचा सगळ्यात लांबचा कोपरा किती, यावर सगळं अवलंबून आहे. हा कोपरा बहुतेक वेळा छपराची कड नाहीतर सिलची खालची कड असते. पद्मिनीची रुंदी सुमारे १.४६ मीटर. अर्धी रुंदी ०.७३, आसापासून वर-खाली साधारण ०.६, म्हणजे कर्ण ०.९५ मीटरच्या आसपास. आस जमिनीपासून १.१ मीटरवर ठेवला की बॉडी आरामात फिरते. अँबॅसिडर रुंद आहे, तिला १.२ मीटर धरा. वरही तेवढीच जागा हवी, म्हणजे छपराची तुळई, पंखा, ट्यूबलाईट सव्वादोन मीटरच्या वर असायला हवेत. हा हिशेब स्वतःच्या गाडीवर टेप लावूनच करा.

लांबीला सहा मीटर मोकळी जागा लागते, रुंदीला साडेतीन. पडवी किंवा मांडव चालतो, पण माथ्यावर झावळ्यांची शाकारणी असेल तर तिथे वेल्डिंग नको. पत्रे किंवा कौलं असू द्या. खाली काँक्रीट असेल तर उत्तम. चिऱ्यांच्या फरशीवर किंवा मातीवर चाकं रुततात, तिथे निदान दोन स्टँडच्या जागी काँक्रीटचे पट्टे ओतून घ्या.

लोखंड

चौकोनी पाईपची दोन मापं आणि गोल पाईपची दोन मापं, एवढ्यात सगळा स्टँड होतो. ७२ × ७२ × ४.८ मिमी चौकोनी पाईपच्या आत ६० × ६० सरकतो. आतली मोकळी जागा ६२.४ मिमी, म्हणजे एकूण फट २.४. गोल पाईपमध्ये ८० एनबी (एनबी म्हणजे नॉमिनल बोअर, पाईपचं ठोकळ माप) हेवीचा बाहेरचा व्यास ८८.९ आणि आतला ७९.३ मिमी. ६५ एनबीचा बाहेरचा व्यास ७६.१. एकात एक घातले की सव्वातीन मिलिमीटर फट उरते, ग्रीससाठी बरोबर. दुकानदार मीडियम पाईप देऊ करेल, पण तो घेतला तर फट जवळजवळ पाच मिलिमीटर होते आणि सांधा खुळखुळतो.

दोन स्टँड आणि मधला दुवा मिळून यादी अशी:

- १०० × ५० चॅनल, ४.५ मीटर: पाया
- ७२ × ७२ × ४.८ पाईप, एक पूर्ण सहा मीटरची नळी आणि तुकडे: खांब, दुवा, सरकत्या बाह्या
- ६० × ६० × ४ पाईप, दोन नळ्या: आतले खांब, आडवे दांडे, दुवा, पुढचे हात
- ८० एनबी हेवी, अर्धा मीटर. ६५ एनबी हेवी, एक मीटर
- १० मिमी प्लेट: ३०० मिमी व्यासाच्या दोन डिस्क, फ्लँज (पाईपच्या टोकाची बोल्टची चकती), गसेट (कोपऱ्याला आधार देणारी तिकोनी प्लेट), बंपरच्या जागी लागणाऱ्या पट्ट्या
- ६ इंची ब्रेकवाली बिडाची चाकं, आठ. प्रत्येकाची क्षमता निदान २५० किलो
- एम १२ आणि एम १६ चे ८.८ ग्रेडचे नट-बोल्ट, १६ मिमी पिना, एम २० चा आटे पाडलेला रॉड

सगळं मिळून सव्वादोनशे किलोच्या आसपास लोखंड भरतं. डिचोली, साखळी, कुडचडे भागात खाणींच्या वर्कशॉपमधून निघालेलं जाड लोखंड भंगारात मिळतं आणि पायाच्या चॅनलसाठी ते चांगलं असतं. खांब आणि फिरता सांधा मात्र नव्या पाईपचाच करा. भंगारातला पाईप आतून किती खाल्लेला आहे ते बाहेरून कळत नाही. घ्यायचाच असेल तर टोक ताजं कापून व्हर्नियरने चार बाजूंना जाडी मोजा.

वेल्डिंग रॉडबद्दल एक गोष्ट. पावसाळ्यात ७०१८ रॉड उघड्या पाकिटातून वापरू नका. ते हवेतला ओलावा पितात आणि भट्टीत सुकवल्याशिवाय त्यांचा फायदा मिळत नाही. घरगुती कामाला ३.१५ मिमीचे ६०१३ रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून वापरले तरी पुरे. पत्र्याला मिग (तारेचं गॅस वेल्डिंग मशीन) लागतो, पण स्टँडला आर्कच बरा, खोलवर जातो.

पाया आणि खांब

प्रत्येक स्टँडचा पाया इंग्रजी छोट्या टी (t) अक्षरासारखा करा: १.२ मीटरचा आडवा चॅनल आणि त्याला काटकोनात एक मीटरचा उभा. हा उभा पाय गाडीच्या दिशेने ७०० मिमी आणि मागे ३०० मिमी असा विभागतो. बॉडीचा भार खांबावर सरळ येत नाही, तो गाडीच्या बाजूला अर्धा मीटर पुढे लटकतो. म्हणून लांब पाय तिकडेच हवा.

खांब म्हणजे ७०० मिमीचा ७२ चा पाईप आणि त्याच्या आत ७०० मिमीचा ६० चा. दोन्हींना ५० मिमी अंतरावर १७ मिमीची भोकं, त्यात १६ ची पिन. आतला खांब कधीही ३०० मिमीपेक्षा कमी आत राहू नये, त्या खुणेला लाल रंग मारून ठेवा. आतल्या खांबाला वर एक जाड कान आणि पायावर एक पॅड वेल्ड करा, म्हणजे बाटली जॅक लावून उंची वाढवता येते.

आधी टाक (वेल्डचे छोटे ठिपके) मारा, मग ओळंबा आणि गुण्या लावून बघा, मग कर्ण मोजा, आणि त्यानंतरच पूर्ण वेल्ड घ्या. एका कोपऱ्यावर सलग वेल्ड मारला की खांब त्या बाजूला ओढला जातो. समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने घ्या. खांबाच्या बुडाशी तिन्ही दिशांना गसेट लावा, आणि गाडीच्या बाजूला खांबाच्या मध्यापासून पायाच्या टोकापर्यंत एक तिरकी काठी.

दोन स्टँडना जोडणारा दुवा अनेक जण वगळतात. वगळू नका. ७२ मध्ये ६० सरकवून जमिनीलगत दोन्ही पाय जोडले की स्टँड एकमेकांपासून लांब फाकत नाहीत, आणि सगळं एकत्र ढकलून हलवता येतं.

फिरता सांधा

८० एनबीचा २५० मिमीचा तुकडा आतल्या खांबाच्या डोक्यावर आडवा बसतो. खांबाचं टोक त्याच्या गोलाईप्रमाणे कापून घ्या, दोन्ही बाजूंना १० मिमीच्या गसेट प्लेटा लावा. नुसत्या टोकाच्या वेल्डवर एवढा भार सोडू नका. पाईपच्या आत लांबीभर वेल्डची शीव असते. ती गोल कानसीने किंवा ग्राइंडरच्या दांडीने घासून सपाट करा, नाहीतर आतला पाईप प्रत्येक फेरीत तिथे अडतो. हौस आणि बजेट असेल तर कुंडई, वेर्णा किंवा थिवीच्या औद्योगिक वसाहतीतल्या लेथवाल्याकडून पितळी बुश करून घ्या, पण ते गरजेचं नाही. बाहेरच्या पाईपला ग्रीस निपल मात्र बसवाच. इथल्या हवेत कोरडा सांधा एका पावसाळ्यात धरतो.

आता डिस्क, म्हणजे बॉडी हव्या त्या कोनात पिनेने अडवणारी भोकांची चकती. व्यास ३००, भोकांचं वर्तुळ २६०. कंपास १३० वर उघडून मध्यापासून वर्तुळ काढा, आणि कंपास न हलवता त्याच वर्तुळावर पावलं टाकत जा. सहा पावलांत बरोबर सुरुवातीच्या खुणेवर येता. प्रत्येक दोन खुणांच्या मध्ये अर्ध करा, बारा होतात. पुन्हा अर्ध करा, चोवीस. म्हणजे दर पंधरा अंशाला एक भोक. खुणांवर सेंटर पंच मारा. मग दोन्ही डिस्क एकावर एक ठेवून चार टाक मारा आणि ६ मिमीचं बिट दोन्हीतून आरपार घ्या, मग १७ पर्यंत मोठं करा. दोन डिस्क वेगवेगळ्या पाडल्या तर पुढची पिन बसते आणि मागची अर्ध्या मिलिमीटरने हुकते. मग माणूस पहारीने बॉडी पिळून पिन बसवतो, आणि इतकी मेहनत घेऊन सरळ ठेवलेली बॉडी तिथे वाकडी होते. सोडवण्याआधी दोन्हींवर एकच खूण कोरा.

डिस्कच्या मध्यभागी ७० मिमीचं मोठं भोक ठेवा. ते कशासाठी ते पुढे येतं. ६५ एनबी पाईपच्या मागच्या टोकाला फ्लँज वेल्ड करून डिस्क त्यावर चार एम १२ बोल्टनी बसवा, म्हणजे सांधा उघडून साफ करता येतो. खांबावरच्या कानातून १६ ची पिन डिस्कच्या भोकात जाते. शिवाय बाहेरच्या पाईपवर तीन बाजूंनी नट वेल्ड करून एम १२ बोल्ट ठेवा. ते आवळले की उरलेली हालचाल थांबते. बोल्ट हे पिनेच्या जोडीला आहेत, पिनेच्या जागी नाहीत.

तोलाची सरक आणि बंपरचे हात

बंपरच्या ब्रॅकेटची भोकं बॉडीत खाली असतात. मोकळ्या बॉडीचा तोलबिंदू त्यांच्यापेक्षा बराच वर, साधारण वीत-दीड वीत वर असतो. फिरण्याचा आस त्या बिंदूतून गेला तर एक माणूस एका हाताने बॉडी फिरवतो. तो शंभर मिलिमीटरनेही चुकला तर एकट्याला आवरत नाही. म्हणून सरक हवी.

६५ एनबी पाईपच्या पुढच्या टोकाला २०० × २०० ची १० मिमी प्लेट. त्या प्लेटवर ७२ चा २०० मिमी तुकडा उभा वेल्ड करा, ही बाही. त्यातून ६० चा ६०० मिमीचा उभा दांडा वर-खाली सरकतो. दांड्याच्या खालच्या टोकाला पुन्हा ७२ ची आडवी बाही, तिच्यातून एक मीटरचा ६० चा आडवा दांडा डावी-उजवीकडे सरकतो. त्या आडव्या दांड्यावर दोन छोट्या बाह्या, आणि प्रत्येकीला गाडीकडे जाणारा हात, ज्याच्या टोकाची प्लेट बंपरच्या भोकांना बोल्ट होते. सगळीकडे तीच पद्धत: ७२ च्या बाहीत ६० चा दांडा, वर एम १२ चे दोन आवळ बोल्ट.

उभ्या सरकीला एम २० चा रॉड लावा. दांड्याच्या माथ्याला कान काढून त्यावर नट वेल्ड करून रॉडचं खालचं टोक बाहीच्या माथ्यावर टेकवलं की भार असतानाही पान्याने मिलिमीटर-मिलिमीटर सरकवता येतं. रॉडशिवाय प्रत्येक वेळी बॉडी जॅकवर घ्यावी लागते, आणि कंटाळा येऊन माणूस अर्ध्या तोलावर काम सुरू करतो.

बंपरच्या जागा स्वतःच सडलेल्या असतील, आणि किनारपट्टीच्या गाड्यांत तसं बरेचदा असतं, तर तिथे टांगू नका. मागे पाटा स्प्रिंगचे हँगर आणि पुढे सस्पेन्शनच्या बोल्टच्या जागा घ्या. कारखान्याने भार घेण्यासाठीच त्या बनवलेल्या आहेत. हात थोडे लांब करावे लागतात, एवढंच.

चाचणी

गाडी लावण्याआधी प्रत्येक स्टँडच्या हातांवर फळी बांधून सिमेंटची सहा पोती ठेवा, म्हणजे तीनशे किलो. मोकळ्या बॉडीच्या अर्ध्या वजनापेक्षा हे बरंच जास्त आहे. दुवा जोडलेला असू द्या. रात्रभर ठेवा, सकाळी खांबाला ओळंबा लावा. नंतर वजन उतरवून मुख्य वेल्डवर रॉकेल किंवा डिझेल ब्रशने लावा, पाच-दहा मिनिटांनी कोरडं पुसून काढा आणि वर पातळ चुना फासा. चुना वाळल्यावर जिथे चीर आहे तिथे ओली रेघ उमटते. अशी रेघ दिसली तर ती जागा ग्राइंडरने पूर्ण खोदून काढा, तेल धुऊन कोरडी करा आणि नव्याने वेल्ड करा. चिरेवर वरून वेल्ड ओढल्याने ती झाकते, जात नाही. सगळं बरं असेल तर स्टँडला रेड ऑक्साइडचे दोन हात द्या.

बॉडी चढवणं

इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, काचा, दारं, बॉनेट, डिकीचं झाकण, सीटा, वायरिंग, पेट्रोलची टाकी आणि पेट्रोलची नळी, सगळं उतरलेलं हवं. तीन माणसं लागतात. दोघे दोन टोकांना आणि तिसरा फक्त बघायला.

बॉडी जॅक स्टँडवर लेव्हलमध्ये ठेवा. रोटिसरीचे खांब सगळ्यात खाली घेऊन पुढून-मागून आणा. हात बंपरच्या भोकांना लावा पण बोल्ट अजून आवळू नका. आता ते डिस्कमधलं मोठं भोक. नायलॉनची दोरी मागच्या पाईपमधून बॉडीच्या आतून पुढच्या पाईपमधून ओढा आणि ताणून बांधा. दोन्ही पाईपांच्या दोन्ही टोकांना दोरी बरोबर मध्यात आहे का ते बघा. उंचीसाठी गवंड्याचा पाण्याचा लेव्हल पाईप लावा. आपल्याकडच्या उताराच्या अंगणात डोळ्यावर विश्वास ठेवता येत नाही. दोन आस एका रेषेत नसतील तर बॉडी प्रत्येक फेरीत थोडी पिळली जाते, आणि ते कुठेच दिसत नाही, शेवटी दारं लावताना दिसतं. चाकांखाली पॅकिंग द्या, हात सरकवा, दोरी मध्यात आली की मगच बोल्ट आवळा, दोरी काढून घ्या आणि दुवा पक्का करा.

मग पुढचा खांब ५० मिमी वर, पिन. मागचा ५० मिमी वर, पिन. असं आळीपाळीने. एक टोक एकदम वर नेलं तर हातांच्या प्लेटा बॉडीला मुरगाळतात. पूर्ण उंचीवर आल्यावर दरवाजांचे कर्ण पुन्हा मोजा आणि वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर खाली उतरवून ब्रेसिंग वाढवा.

तोल लावणं

आधी डावा-उजवा. दोन्ही पिना काढा, आवळ बोल्ट सैल करा, दोघांनी बॉडी धरून हळूच सोडा. जी बाजू खाली जाईल ती जड. आडवा दांडा तिच्या विरुद्ध बाजूला सरकवा. बॉडी आपोआप सपाट राहिली की पुढची पायरी.

आता दोघांनी धरून बॉडी एका कुशीवर, नव्वद अंशात न्या. हात सैल केल्यावर फ्लोअर खाली यायला बघत असेल, तर तोलबिंदू आसाच्या खाली आहे. बॉडी सरकीने थोडी वर घ्या. छप्पर खाली जायला बघत असेल तर तोलबिंदू वर आहे, बॉडी खाली घ्या. दोन्ही टोकं सारखीच सरकवायची, रॉडचे फेरे मोजून. पूर्ण समतोल गाठू नका. फ्लोअरची बाजू जराशी जड ठेवा, म्हणजे हात सुटला तरी बॉडी सावकाश सरळ होते.

पण हा तोल टिकत नाही. फ्लोअर कापला की खालचं वजन जातं आणि तीच बॉडी एकदम छपराकडे जड होते. काल एका बोटाने फिरणारी बॉडी आज पिन काढताच उलटी कोसळू शकते. म्हणून मोठा तुकडा कापला किंवा बसवला की दर वेळी पिन काढण्याआधी दोन माणसं उभी करा. आणि काम करताना दोन्ही टोकांच्या पिना लावलेल्या असाव्यात. एकाच टोकाला पिन असेल तर दुसऱ्या टोकाला दिलेला प्रत्येक दाब बॉडीला पिळतो.

काम करताना

फ्लोअर एका वेळी एक चौकोन कापा, बसवा, मग पुढचा. सलग वेल्ड नको, टाकांमध्ये अंतर ठेवा आणि पत्रा गार होऊ द्या. जुना डांबरी थर खरवडून काढताना बॉडी कुशीवर घ्या, कचरा अंगावर न येता बाहेर पडतो. जुन्या रंगात आणि बॉडीच्या सांध्यांतल्या भरावात शिसं असू शकतं, मास्क लावाच. शेजारी पावडरचा अग्निशामक आणि वाळूची बादली हवी. वेल्डिंग संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, पोकळीतलं डांबर आतल्या आत धुमसत राहतं.

उघडा पत्रा आपल्या हवेत रात्रभरही सुखरूप राहत नाही, सकाळी त्यावर तांबूस छटा आलेली असते. जेवढा भाग सकाळी साफ केला तेवढ्याला संध्याकाळच्या आत इपॉक्सी प्रायमर. हे जमेल एवढाच भाग उघडा. म्हणूनच हे काम चतुर्थीनंतर पाऊस ओसरला की काढावं आणि मेपर्यंत प्रायमर, सीम सीलर आणि अंडरबॉडीचा रंग पूर्ण करावा. सीलर फ्लोअर वर करून लावला की सांध्यात नीट बसतो. सिलच्या पोकळीत गंजरोधक मेण फवारल्यावर बॉडी दर दहा-पंधरा मिनिटांनी एकेक भोक पुढे फिरवत पूर्ण फेरी घ्या. मेण चारही भिंतींवर चढतं आणि जमिनीवर उभ्या गाडीत जिथे कधी पोहोचत नाही त्या वरच्या कोपऱ्यांतही जातं. खाली सिलची पाणी जाण्याची भोकं तारेने मोकळी करायला विसरू नका.

उतरवणं

खालचा रंग पक्का वाळला की बॉडी सरळ करून पिना लावा आणि खांब आळीपाळीने ५० मिमी खाली घ्या. जॅक स्टँड सस्पेन्शनच्या जागांखाली, रबर ठेवून. हातांचे बोल्ट काढल्यावर बंपरच्या जागांवर रंग खरचटलेला असतो, तिथे लगेच प्रायमर द्या. पुढचं सस्पेन्शन आणि मागचा ॲक्सल लावून गाडी चाकांवर आली की दारं लावा आणि फटी ड्रिल बिटांनी मोजा. ब्रेसिंग अजून तसंच हवं. आकडे वहीशी जुळल्यावरच एकेक पाईप कापा, आधी आरपार गेलेला, मग डॅशखालचा, शेवटी दरवाजांतले. प्रत्येक पाईप निघाला की त्या बाजूचं दार पुन्हा एकदा लावून बघा.